झाकणाची तक्रार

मुलीच्या वर्गशिक्षिका बाईंना एक शब्दही न विचारता मी त्यांची तक्रार थेट संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचवली. तक्रार खोटी होती हे मला नंतर कळलं. शाळेत ते सगळ्यांना, अगदी शिपाईमामांनाही, आधीपासून माहीत होतं.

आम्ही केडगावला राहतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ती सकाळी साडेसहाच्या एसटीने जाते. मी सुप्याच्या एका कंपनीत आहे. तिथे पंप बनतात आणि त्यांचे नट-बोल्ट हवे तेवढे आवळलेत की नाही हे मी तपासतो. माझी बस आठची. त्यामुळे दुसरीतल्या मुलीची वेणी, दप्तर, डबा आणि शाळेच्या डायरीवरची सही ही सगळी कामं माझ्याकडे. वेणीबद्दल कॉलनीत लोक काय बोलतात ते इथे सांगत नाही.

जानेवारीत डब्यातलं तेल सांडलं आणि तिचं गणिताचं पुस्तक पार आरपार दिसायला लागलं. पान न उलटता मागची उदाहरणं सोडवता यायची, पण बाईंना ते पटलं नसावं. त्याच रविवारी मी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आणला, आतून रबराची रिंग असलेला. त्यात पाणी भरून, झाकण लावून, मुलीसमोर उलटा धरून दाखवला. थेंब पडला नाही. तिने झाकणाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आपल्या घरात झाकण उघडता येत नाही असं एकही माणूस नाही.

त्या आठवड्यापासून डबा भरलेला परत यायला लागला. संध्याकाळी तो घासायचं कामही माझंच. झाकण फिरवावं तर आत सकाळची भेंडी जशीच्या तशी, वर दोन पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. मुलीला विचारलं की ती भूक नव्हती म्हणायची आणि खेळायला पळायची. सहा-सात तास उपाशी राहिलेलं पोर असं पळत नाही, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र निष्कर्ष काढून बसलो की शाळेत पोरांना खायला वेळच देत नाहीत.

बायको म्हणाली, "अहो, बाईंना डायरीत दोन ओळी लिहा. नव्या आहेत त्या, वर्षाच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर. वर तक्रार गेली तर पुढची ऑर्डर निघत नाही."

ती त्याच धंद्यातली, तिला कळतं. पण आमच्या जिल्ह्यात ओळख असताना सरळ दारातून जाणं म्हणजे ओळखीचा अपमान. आमच्या कँटीनवाल्याचा साडू संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. एवढी भारी ओळख असताना डायरीत दोन ओळी कोण लिहीत बसतो? मी चहा पिता पिता कँटीनवाल्याला म्हटलं, पोरीला डबा खायला वेळ मिळत नाही बहुतेक. त्याने साडूला सांगितलं की पोरगी रोज उपाशी राहते. साडूने गाडी चालवता चालवता अध्यक्षांना सांगितलं की बाई पोरांचे डबे काढून घेतात. 'बहुतेक' हा शब्द तर कँटीनच्या बाहेरसुद्धा पडला नाही. अध्यक्षांनी कुठल्याशा लग्नातून शाळेत फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा मला फोन. उद्या डब्याच्या सुट्टीत या.

मी खूश. कंपनीत रजेचा अर्ज मंजूर व्हायला आठवडा लागतो, इथे एका चहात शाळा हलली होती. जाताना इस्त्रीचा शर्ट घातला आणि सोबत एक कागद नेला. आमच्याकडे माल नापास झाला की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारण शोधायची पद्धत आहे. तसाच तक्ता केला. डबा का खाल्ला नाही? वेळ मिळाला नाही. वेळ का मिळाला नाही? असं करत पाचव्या 'का'ला उत्तर लिहिलं, व्यवस्थापनाचं दुर्लक्ष. कंपनीतही पाचव्याला आम्ही हेच लिहितो.

ऑफिसात मोठ्या बाई होत्या, म्हणजे मुख्याध्यापिका. बाजूला वर्गशिक्षिका बाई उभ्या, वय असेल चोवीस-पंचवीस, हातात रुमाल घट्ट धरलेला. मोठ्या बाईंनी सांगितलं की पुढच्या वर्षीची यांची ऑर्डर सहीला गेली होती, ती अध्यक्षांनी कालच थांबवलीय. आज काय ते खरंखोटं कळवायचं आहे. मी गंभीरपणे मान हलवली आणि तक्ता पुढे सरकवला.

तो कोणी वाचला नाही. बाईंनी माझ्या मुलीचा डबा आणून टेबलावर ठेवला. मोठ्या बाईंनी झाकण फिरवून पाहिलं, मग पदरात धरून पाहिलं. शिपाईमामांना हाक मारली. मामांनी डबा दोन गुडघ्यांत धरला, चेहरा लाल केला आणि परत ठेवला. मला वाटलं, माणसांना साधा डबा उघडता येत नाही. मी तो घेतला आणि एका झटक्यात उघडला. छाती पुढे काढून सगळ्यांकडे पाहिलं.

डब्यात भेंडी होती. हे झाकण सकाळी कोणी लावलं होतं, हे मला तेव्हा, त्या खोलीत सगळ्यांच्या शेवटी, समजलं.

बाईंनी हळूच डायरी उघडून माझ्यासमोर धरली. एकाच महिन्यात तीनदा लिहिलं होतं. पहिल्यांदा, 'डबा उघडत नाही, कृपया झाकण सैल लावावे.' दुसऱ्यांदा तेच, खाली रेघ मारून. तिसऱ्यांदा, 'ती सध्या माझ्या डब्यातलं खाते. तिला शेंगदाण्याची चटणी आवडते. चालेल ना?' आणि तिन्हींच्या खाली माझी सही. झोकदार, शेवटी दोन टिंबं असलेली. कंपनीत मी दिवसाला पन्नास कागदांवर अशीच करतो.

"तिने घरी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली," बाई म्हणाल्या. "घरात झाकण उघडता न येणारी ती एकटीच आहे म्हणे."

मग मी माझाच तक्ता मागून घेतला. पाचव्या 'का'समोरचं व्यवस्थापन खोडलं आणि वडील असं लिहिलं. कागद उलटा करून मागे सविस्तर कबुली दिली. डबा कोणी आवळला, सह्या कोणी केल्या, बाईंनी महिनाभर पोरीला आपल्यातलं कसं भरवलं, आणि तक्रार कँटीनमधून निघून लग्नात कशी पोचली. मोठ्या बाईंनी तो कागद फोनवर अध्यक्षांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. पलीकडून त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मोठ्या बाईंनी फक्त माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "हो, समोरच बसलेत." नंतर बराच वेळ फोनमधून हसण्याचा आवाज येत राहिला. ऑर्डर मात्र सुटली. बाईंच्या हातातला रुमाल सैल झाला.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनीही मोठं मन दाखवलं. एवढंच म्हणाल्या की सही करण्याआधी वाचत जा.

डबा घेऊन बाहेर पडायला लागलो. इतका शरमलो होतो की हाताला चाळा म्हणून झाकण पुन्हा लावलं, आणि सवयीने शेवटचा अर्धा फेराही दिला. व्हरांड्यात शिपाईमामा उभे होते. माझा तो फेरा ते बघतच होते.

"सायेब, तुमी कंपनीत काय करता म्हनला?"

"नट-बोल्ट नीट आवळलेत का ते बघतो."

मामांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग घरी तरी सुट्टी घेत जावा की."