चादरीवर येणारा उन्हाचा काठ

त्या सकाळी आत्याचा फोन आला नाही आणि मला काहीच वाटलं नाही. आत्याचा फोन तसा रोज यायचा, पण घड्याळ बघून नाही. तुमसरला तिच्या झोपायच्या खोलीत खिडकीच्या एका बाजूने उन्हाची एक अरुंद पट्टी आत यायची. ती चादरीवरून सरकत सरकत तिच्या कोपरापर्यंत आली की ती इकडे पुण्यात मला फोन लावायची. थंडीत उशिरा, उन्हाळ्यात आमचं दुकान उघडायच्याही आधी. आणि ज्या दिवशी तिकडे आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी फोन नसायचा. पावसाळ्याचे दिवस होते. मी दुकानात गिऱ्हाइकापुढे कापडाचे नमुने उलगडत होते, फोन वाजला नाही म्हणून मनात म्हटलं, तिकडे आभाळ असेल... दुपारी फोन आला तो दिलीपदादाचा, तिच्या मुलाचा. "बेबी, आई गेली." तो एवढंच बोलला. आणि मी त्याला काय विचारावं? "दादा, आज तिकडे ऊन होतं का?"  त्याला वाटलं असेल, पोरगी भानावर नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मोहाडीकडच्या विणकर घरात वाढली, लग्न होऊनही माग सोडला नाही. पुढे माग बंद पडले तेव्हा तिने तुमसरच्या बाजारात पडदे, गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे शिवायचं दुकान टाकलं. आम्ही राहायचो अड्याळला. वडील गेले आणि आठवीनंतर माझी शाळा सुटली. घरात सगळे माझ्या लग्नाचं बोलायला लागले, तेव्हा आत्या एक दिवस एसटीने आली, जेवली, आणि माझ्या आईला म्हणाली, "हिले मी घेऊन जातो. लगन कुठं पळून चाललं?" मी भित्री होते, आजही आहे. कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन बघणारी. पहिल्या दिवशी कात्री हातात दिली तर मी कापडावर खडूची रेघच पुन्हा पुन्हा ओढत बसले. आत्याने मागून येऊन माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि एका दमात सगळं कापड कापून काढलं. म्हणाली, "कापडाले भेव समजते. भेली का थे वाकडंच जाते." आज पुण्यात मला कुणी दुकानात उभं करतं, माझ्या शब्दावर लोक आपल्या घराच्या खिडक्या सोपवतात, ते सगळं त्या एका हाताखालून आलेलं आहे. मला दुसरं काही सांगता येत नाही.

पुण्याला मी पडदे शिवायला आले आणि खिडक्यांच्या ब्लाइंडच्या कामात पडले. तेवढ्यात दिलीपदादाने तुमसरला राईस मिलच्या पलीकडच्या वस्तीत आईसाठी घर बांधलं. तो स्वतः नागपूरला, नोकरीत. आत्याने फोन केला, "खिडक्या लय मोठ्या करून ठेवल्या यानं. रस्त्यानं जानारा मानूस माह्या ताटात काय हाय थे सांगते." मग आमचं खोलीखोलीवरून बोलणं सुरू झालं. बैठकीला तिला मखमली पडदा हवा होता, मरून रंगाचा, सोनेरी गोंड्याचा. मी म्हटलं, आत्या, समोर मिल आहे, भाताचा कोंडा उडून मखमलीत बसेल, महिन्याने तो पडदा झटकला तर पोतंभर निघेल. तिथे पुसता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड घेऊ. "म्हंजे मी रोज पट्ट्या पुसत बसू? मी काय हॉटेलातली पोरगी हाव?" वरून उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसणार, तेव्हा पट्ट्या पार वर ओढून ठेवता आल्या पाहिजेत, हेही मीच लक्षात आणून दिलं. स्वयंपाकघराला दुपारचं पश्चिमेचं ऊन, त्यात फोडणीचा धूर, म्हणून तिथे ओल्या फडक्याने पुसून निघेल असा गुंडाळायचा रोलर, फिकट रंगाचा. मागच्या ओसरीला मात्र तिने माझं काही चालू दिलं नाही. तिथे तिला बांबूच्या काड्या विणलेली चिकच पाहिजे होती, बाजारातल्या बुरडाकडची, उन्हाळ्यात पाणी मारलं की गारवा देणारी. "तुह्या पुन्याच्या प्लास्टिकवर पानी मारलं तं काय होते? फरशी ओली होते." मी वहीत चिक लिहून टाकली.

राहिली झोपायची खोली. पूर्वेची खिडकी. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि सकाळचा उजेड डोळ्यात सुई गेल्यासारखा लागायचा. म्हणून तिथे जाड कापडाचा, उजेड अजिबात न येऊ देणारा रोलर ठरवला. बाकी खिडक्यांना ब्लाइंड चौकटीच्या बाहेर भिंतीवर लावायचे होते, चार बोटं इकडेतिकडे झालं तरी झाकून जातं. पण या खिडकीला एका बाजूला भिंतीचा कोपरा आणि दुसऱ्या बाजूला खेटून गोदरेजचं कपाट, त्यामुळे ब्लाइंड चौकटीच्या आतच बसवावा लागणार. आतलं माप म्हणजे चूक चालत नाही. मी म्हटलं, दादाला टेप घेऊन येऊ दे, मग सांग. "दिलीप दिवाळीले येईन. मी काय तोवर डोळे झाकून बसू? लिही, दोन हात आन् सा बोटं." आमच्या विणकर घरात कापड असंच मोजतात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मीही तिच्याकडे तसंच मोजायला शिकले. मी कटिंगच्या टेबलावर माझा हात आडवा टाकला, एक, दोन, सहा बोटं, आणि खूण केली. कोणाचा हात, हा प्रश्न मनात आलाच नाही. तिने शिकवलेला हात, तो तिचाच असल्यासारखा मला वाटत होता.

ब्लाइंड पोचले, तिकडच्या फिटरने लावले आणि संध्याकाळी फोन. आधी नुसतं हसू ऐकू आलं. आत्या हसायला लागली की तिला खोकला यायचा, तोवर दिलीपदादाने फोन घेतला, तो नेमका त्या दिवशी आलेला होता. "बेबी, पुण्यात लोकाइले ब्लाइंड विकते आन् घरचाच अरुंद पाठवते. चार बोटं उघडं राहून राहिलं एका बाजूनं." मला रडूच आलं. मी म्हटलं, परत पाठवा, मी माझ्या खर्चाने दुसरा करून देते, आत्याच्या डोळ्यांना त्रास होईल. तर आत्याने फोन हिसकावून घेतला. "काही वापस नाही पाठवनार. मागावर बसून माहा हात लांबला, तू पडली बुटकी. तू जेवढी कमी पडली तेवढा उजेड आला घरात. राहू दे." दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं तर ती फट उशीकडे नाहीच, ऊन पडत होतं ते पलंगाच्या कडेला, हाताच्या बाजूला. पांढऱ्या चादरीवर लांब, सरळ, पिवळी पट्टी. तिने तिला नाव दिलं, काठ. लुगड्याला असतो तसा काठ. "आज चादरीले काठ आला नाही," म्हणजे आभाळ आहे.

मग तिची सकाळ त्या काठावर चालायला लागली. तो बोटांवर आला की शेजारच्या कुंदाबाई चहा घेऊन यायच्या, मनगटावर आला की रेडिओ, आणि कोपरापर्यंत आला की मी. नंतर नंतर तिला दिसायचं कमी झालं, तेव्हा ती बाही वर सारून हात तिथे पसरून ठेवायची आणि कातडीला ऊब लागली की तिला कळायचं. फोनवर बोलणं काय, तर काही नाही. "जेवली का काल? काय केलं होतं? गॅस बंद केला ना, का वापस जाऊन पाह्यतं?" परक्या गावात सकाळी सकाळी कुणी तरी आपल्या गॅसची चौकशी करावी, याचं मोल मला आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. मी मोबाइलमध्ये पुण्याचं हवामान कधी बघितलं नाही, तुमसरचं बघायची. तिकडे ढग दाखवले की फोन आला नाही तरी जिवाला घोर नसायचा. त्या दिवशी मोबाइलने ढगच दाखवले होते...

मी पोचले तोवर सगळं आटोपलेलं होतं. कुंदाबाई दारातच भेटल्या. मी त्यांनाही तेच विचारलं, त्या सकाळी ऊन होतं का. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ऊन तं होतं वो. रातभर पानी पडलं आन् सकाळी लख्ख उघडलं. त्या दिवशी माह्या घरी पाहुने होते, मले चहा न्याले उशीर झाला. गेली तं ह्या हात पसरून निजलेल्या, बाही वर सारलेली. ऊन कोपराच्या पुढं निघून गेलं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, आज बेबीले फोन नाही लावला का?" त्या पुढेही सांगत राहिल्या. मला मात्र एकच ऐकू येत राहिलं, बाही वर सारलेली. म्हणजे ती जागी झाली होती. हात उन्हाच्या वाटेवर ठेवून तिने वाट बघितली होती. ते ऊन तिला लागलं की नाही, एवढंच मला कुणी सांगू शकत नाही.

दिलीपदादाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. त्यात चूक काही नाही, बंद घराला कोंडा आणि वाळवी दोन्ही खातात. भाडेकरू म्हणून एक नर्सबाई येणार होत्या, रात्रपाळीच्या. त्यांची एकच अट, दिवसा झोपायला खोली पूर्ण अंधारी पाहिजे. दादा चाचरत म्हणाला, "बेबी, थो एक ब्लाइंड... तुले चालन का? नाही तं मी त्याइले नाही म्हनतो." मी म्हटलं, मीच करून आणते. ज्या बाईला दिवसा झोपायचं आहे तिच्या डोळ्यांवर मी आत्याचं ऊन कसं ठेवू?

या खेपेला टेपने माप घेतलं, वर, मधे आणि खाली, गावच्या सुताराच्या चौकटी कधी सारख्या नसतात. पुण्याहून नवा रोलर घेऊन गेले त्या सकाळी जुना काढायच्या आधी मी आत्याच्या पलंगावर पडले. बाही वर सारली. आभाळ मोकळं होतं. काठ चादरीवर आला, माझ्या बोटांवर आला, मनगटावर... ऊब इतकी हळू चढत होती की कुणी तरी बोटांनी माझा हात मोजतंय असं वाटलं. हलायची हिंमत झाली नाही. कोपरापर्यंत आला तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात फोन होता, आणि लावायचा होता तो तिलाच.

मग उठले, स्टूल घेतलं, जुना उतरवला, नवा चढवला. खाली ओढला तेव्हा कुंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या नुसतं म्हणाल्या, "लय अंधार झाला वो." माप चोख होतं. कुठूनही काही येत नव्हतं.

जुना रोलर मी तिच्या लुगड्यात गुंडाळून रेल्वेने पुण्याला आणला. माझ्या खोलीची खिडकी लहान आहे, तिला तो दोन्ही बाजूंनी जास्त होतो, भिंतीवर पसरतो. फट म्हणून राहत नाही. तरी सकाळी त्या वेळेला मी बाही वर सारून हात पलंगाच्या कडेला ठेवते, थोडा वेळ. फोन उशाशी असतो. दुकानाला उशीर होतो म्हणून उठावं लागतं, गॅस बघावा लागतो, कुलूप लावावं लागतं. जिन्यात एकदा थांबून मी फोन परत बघते, आणि स्वतःला सांगते, तिकडे आभाळ असेल.