याला वळसा म्हणतात

आमच्या कंपनीच्या गाडीचे ड्रायव्हर पन्नाशीचे होते. रोज सकाळी ते मला विश्रांतवाडीहून खराडीच्या ऑफिसात पोचवत. बोलणं मोजकं आणि तिरकस. गर्दी चुकवायला ते गाडी आतल्या रस्त्यांनी काढत. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, किती भटकवताय?"

"भटकायला कुठं जायचंय ते माहीत नसावं लागतं," ते म्हणाले. "मला माहीत आहे. याला वळसा म्हणतात."

मंदीच्या वर्षी एका दुपारी माझी नोकरी गेली. ओळखपत्र जमा करून मी गाडीत बसलो, पण इतक्या लवकर घरी जायचा धीर होईना. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी मांजरी गावाकडे घेतली. उसाच्या शेतांमधून आम्ही तासभर हिंडलो. मला रडू आलं, तेव्हा त्यांनी रेडिओ मोठा केला.

घराशी उतरवताना म्हणाले, "बायकोला आधी सांगा. समोर बसून."

मी सांगितलं. मग तिनं माझा जुना बायोडेटा शोधून काढला, वाचला आणि म्हणाली, "यात तुझं निम्मं काम लिहिलेलंच नाहीये. बस, आत्ताच लिहू."