न चोरलेला टर्बो

बाकीच्या केसेस मला आठवाव्या लागतात. जुनी डायरी काढावी लागते, साल जुळवावं लागतं. ही एक मात्र आपणहून आठवते, आणि तीही गाडी बंद करताना. चावीकडे हात गेला की तो मिस्त्री डोळ्यांपुढे येतो. निवृत्तीला इतकी वर्षं झाली, पण यात फरक पडला नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. मी एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. एकाची पुरेशी बदनामी आम्ही आधीच करून ठेवलेली आहे.

फिर्यादी मोठा बागायतदार. हळदीचं रान, चार पुढाऱ्यांत ऊठबस. त्याच्याकडे टर्बोवाली मोठी डिझेल गाडी होती. टर्बो म्हणजे काय हे तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. पुढे कळलं ते असं, की इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा भयंकर वेगानं फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल मिळालं नाही की तो गेलाच समजा.

या गाडीचं इंजिन उतरवून नव्यानं बांधलं होतं कनेरगाव नाक्यावरच्या एका मिस्त्रीनं. जातीनं धनगर, बाप आणि भाऊ मेंढरांमागे, आणि घरात पान्हा हातात धरलेला हा पहिलाच माणूस. धाब्यांच्या ओळीत त्याचं पत्र्याचं गॅरेज. नवा टर्बो मालकानं स्वतः आणून दिला होता. काम झालं, नारळ फुटला, गाडी घरी गेली, आणि पंधरा दिवसांत ती निळा धूर सोडायला लागली, तेल प्यायला लागली. मालकानं शहरातल्या दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं नळी ढिली करून आत बोट घातलं आणि निकाल दिला, "हा टर्बो घासलेला आहे. पंधरा दिवसांत कुणाचा एवढा घासतो? तुमचा नवा काढून घेतला, जुनाच बसवला."

झालं. कलम ४०६, ४२०, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी केली. टर्बोचं बिल फिर्यादीसोबत फाइलला लावलं. दुपारपर्यंत वरून दोन फोन आले, की आपल्या माणसाचं काम आहे, लवकर बघा.

दुसऱ्याच दिवशी माझ्या खबऱ्यानं बातमी आणली. नाक्यावर पानाची टपरी होती त्याची. म्हणाला, "साहेब, गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिशी मिस्त्री पोतं घेऊन नांदेडच्या बशीत बसला. पोत्यात लोखंड होतं. म्या सोता उचलू लागलो." बातमी शंभर टक्के खरी होती. खऱ्या बातमीनं माणूस कसा फसतो, ते मी या केसमध्ये शिकलो.

मिस्त्रीला उचलून आणलं. पस्तिशीचा, सडपातळ, नखांत काळं तेल. त्यानं एकही गोष्ट नाकारली नाही. "व्हय साहेब, टर्बो इकला म्या नांदेडला. पर जुना. काढलेला माल मिस्त्रीचा असतो, ही रीतच हाय. मालकबी म्हणले, घेऊन जा ते भंगार. नवा गाडीतच हाय."

"मग नवा पंधरा दिवसांत घासला कसा?"

"मालकाला दोनदा सांगितलं होतं म्या. बंद करायच्या आधी मिनिटभर तशीच चालू राहू द्या, रेस मारू नका म्हणून. त्यायनं आयकलं नसंल."

माझा जमादार खो खो हसला. "साहेब, चोरीचा माल गाडी बंद केल्यानं घासतो, हे पहिल्यांदाच ऐकून राहिलो!" मीही हसलो. ते हसू आज आठवलं की स्वतःचीच चीड येते. माणसानं पहिल्या पाच मिनिटांत सगळी केस सोडवून हातात दिली होती, आणि आम्ही साहेब लोक दात काढत होतो.

तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. पहिल्या सकाळी त्याची बायको भाकरी बांधून आली. ठाण्यात बायका येतात त्या रडतात, पाया पडतात, शिव्या देतात. ही तसलं काही करेना. टेबलासमोर ताठ उभी राहून म्हणाली, "साहेब, एक इनंती हाय. मारायचंच असंल तं पाठीवर मारा, पायावर मारा. हातावर नका मारू. ह्यांचं सगळं काम बोटांत हाय."

मी म्हणालो, "बघू." आणि समोरच्या टपालावर सह्या करायला लागलो.

खरं तर तेव्हाच उठून जमादाराला चार शब्द सांगायला हवे होते. वीस पावलं होती मधे. पण फोन वाजला, मग एक पंचायतवाला आला, मग जेवायची वेळ झाली. आमच्या ठाण्यात टायरचा पट्टा तळहातावर मारायची पद्धत होती, कारण तिथं वळ लवकर दिसत नाहीत. मला ते माहीत होतं. मी स्वतः हात उचलला नाही. मी बाहेर ओसरीवर चहा पीत होतो, आणि खोलीतून येणारा आवाज मला कपबशीच्या आवाजाइतका स्पष्ट ऐकू येत होता. मारणाऱ्यापेक्षा चहा पिणारा जास्त गुन्हेगार असतो, हे माझं आजचं मत. तेव्हा मत बनवायला सवड कुणाला होती?

दुपारी तीनला जमादार घाम पुसत बाहेर आला. "कबूल झाला साहेब. नवाच विकला म्हणतो."

नांदेडच्या भंगारवाल्याकडे पंच घेऊन गेलो. टर्बो तिथंच होता, डिझेलनं धुऊन फळीवर ठेवलेला, चकचकीत. नंबराची पट्टी निघून गेलेली. पंचनामा लिहिताना हवालदार अडला, "साहेब, नवा लिहू की जुना?" मी म्हणालो, "नवीन असल्यासारखा दिसणारा, असं लिही." ते तीन शब्द माझे. पंचांनी खाली सह्या ठोकल्या. वरिष्ठांकडून शाबासकी आली, माझ्या सेवापुस्तकात प्रशस्तीची नोंद झाली.

कोर्टात नेण्याआधी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी मिस्त्रीला विचारलं, हाताला काय झालं? शेजारी जमादार उभा होता. मिस्त्री म्हणाला, "काम करताना लागलं." कोर्टातही तक्रार नाही म्हणाला. उजव्या हाताची मधली दोन बोटं वांग्यासारखी सुजली होती. मी ती पाहिली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

तो जामिनावर सुटला. दोषारोपपत्राची तयारी सुरू झाली, तेव्हा सरकारी वकिलांनी अडवलं. "जप्त टर्बो याच गाडीचा कशावरून? तज्ज्ञाचा अभिप्राय लावा." मला वैताग आला. कबुली आहे, माल आहे, अजून काय डोंबल पाहिजे? पण अभिप्राय लागणारच होता. वसमतला एक म्हातारे चाचा होते, बस डेपोत इंजिनं बांधण्यात हयात गेलेली. त्यांना बोलावून घेतलं.

चाचांनी आधी कागद पाहिले नाहीत, मला नमस्कारही नीट केला नाही. थेट लिंबाखालच्या गाडीकडे गेले. "चालू करा." मागून निळा धूर आला. इंजिन चालू असतानाच त्यांनी तेल घालायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. आतून हवा मारत नव्हती. "रिंगा बराबर बसल्यात. धूर इंजिनाचा नाही." गाडी बंद करून हवेची नळी काढली, तर आत तेलच तेल. मग टर्बोच्या तोंडात दोन बोटं घालून दांडा धरला, डोळे मिटले आणि हलवून पाहिला. "ढिला पडला. तेल इथून जाऊन राहिलं." तेल आणणारी नळी तपासली, परत नेणारी तपासली. दोन्ही साफ. "साहेब, इंजिन ज्यानं बांधलं त्याचा हात सोन्याचा आहे. कुठं एक थेंब पॅकिंगचा मसाला जास्त नाही."

जमादारानं घसा खाकरला.

चाचांनी रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि टर्बोवरचा तेलकट थर पुसला. खालून एक छोटी पट्टी निघाली, तिच्यावर नंबर. "बिल आहे का?"

बिल होतं. पहिल्या दिवसापासून फाइलला होतं. मी नंबर वाचत गेलो, चाचा पट्टीवर बोट ठेवत गेले. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. आम्ही नांदेडपर्यंत जाऊन आलो, एका माणसाची बोटं फोडली, पण लिंबाखाली उभ्या गाडीवर चिंधी फिरवायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. चोरीला गेलेला टर्बो सगळा वेळ माझ्या खिडकीसमोर होता.

नांदेडचा टर्बो मुद्देमाल खोलीतून आणवला. चाचांनी हातात घेतला, पंख्याचं तुटलेलं पातं दाखवलं आणि म्हणाले, "हा तर मुडदा आहे. नवा कुणी लिहिला?"

मी विषय बदलला. विचारलं, "मग खरा नवा पंधरा दिवसांत मेला कसा?"

तेवढ्यात ठाण्याची जीप फाटकातून आत आली. आमच्या ड्रायव्हरनं नेहमीसारखी शेवटची एक रेस मारली, घुर्रर्र, आणि चावी फिरवली. आपल्याकडे जुन्या डिझेल गाड्या चालवणारे सगळे अशीच गाडी बंद करतात. पुढच्या वेळी गाडी लवकर चालू होते म्हणतात. शिवाय साहेब आले, हे चार घरांना कळतं.

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! असंच मारलं असणार. जुन्या जीपला चालतं साहेब, तिला टर्बो नाही. टर्बोवाल्या गाडीला रेस मारली की पंखा जोरात सुटतो, आणि त्याच घडीला इंजिन बंद केलं की तेल बंद. मग तो कोरडाच फिरत राहतो. दिवसातून दहादा असं केलं तर नवा काय करणार?"

चाचांनी नळी परत बसवली आणि मी फिर्यादीला बोलावून घेतलं. सांगितलं काहीच नाही. गाडी जरा फाटकापाशी घ्या, एवढंच म्हणालो. तो ऐटीत बसला, गाडी नेली, दणकून रेस मारली आणि बंद केली. चाचा माझ्याकडे बघत होते, मी जमादाराकडे, आणि जमादार स्वतःच्या बुटांकडे.

"मिस्त्रीनं तुम्हाला बंद करण्याबद्दल काही सांगितलं होतं का?"

"सांगितलं असंल. मिस्त्री लोक बडबडतेतच. पंचवीस वर्षं झाली, मी अशीच बंद करतो."

गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, अशी क समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, मी कोर्टात पाठवली. ती मंजूर झाली. फिर्यादी म्हणाला, "झालं ते झालं, साहेब." खरंच, त्याचं काय गेलं होतं? जमादाराची चौकशी झाली नाही, कारण तक्रारच नव्हती. आणि तक्रार का नव्हती, हे मला सोडून कुणाला माहीत असणार? मी तोंड उघडलं असतं तर जमादाराबरोबर मीही गेलो असतो. म्हणून उघडलं नाही. सेवापुस्तकातली ती शाबासकीची नोंद रद्द करा, असंही मी कधी लिहिलं नाही. ती अजून तशीच आहे.

निकाल सांगायला मी स्वतः नाक्यावर गेलो. गॅरेजपुढे एकही गाडी नव्हती. चोर मिस्त्री हे नाव पोलिसांच्या जीपनं गावात नेलं होतं, समरीचा कागद काही गावोगाव फिरत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्या पैल्याच दिशी सांगितलं होतं साहेब." बायको दारात उभी होती. ती नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिली. तिनं मागितलेली एवढीशी गोष्ट होती ती.

पुढे माझी बदली झाली. पोलिसाला दुसरं काय औषध आहे?

निवृत्तीनंतर एकदा स्वतःची गाडी घेऊन सिद्धेश्वरच्या धरणाकडे गेलो होतो. तीही टर्बोवाली. रस्त्यावर मेंढरं आडवी आली म्हणून थांबलो. कळपामागचा माणूस काठी टेकून उभा होता. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं, पण नमस्काराला हात उचलला नाही. मी गाडी चालूच ठेवून खाली उतरलो. तो मान कलती करून गाडीचा आवाज ऐकत होता.

"शिट्टी येऊन राहिली," तो म्हणाला. "टर्बोच्या नळीचा क्लिप ढिला झाला. आज न्हाई तं उद्या निसटंल."

मी कसनुसा हसलो. "मग बघ ना जरा. आवळून दे."

त्यानं उजवा हात पुढे केला. मधली दोन बोटं सरळच्या सरळ, काडीसारखी. मिटवायचा प्रयत्न केला, ती मिटली नाहीत.

"कान शाबूत हाय साहेब," तो म्हणाला. "पान्हा धरवत न्हाई."

मेंढरं पुढे निघाली तसा तोही निघाला. केसनं काय शिकवलं, असं मला नव्या पोरांच्या प्रशिक्षणात विचारतात. मी त्यांना सांगतो, कबुलीआधी कागद वाचा, जप्त वस्तू पुसून बघा, आरोपीचं पहिलं वाक्य शब्दशः लिहून घ्या. ते वहीत उतरवून घेतात. ती बाई माझ्या टेबलापुढे उभी राहून काय म्हणाली होती, हे मात्र मी कुठल्याच वर्गात सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहितो आहे.

त्या दिवशी तो वळणाआड जाईपर्यंत मी गाडीत बसून होतो. मग मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, त्यानं सांगितलं होतं तसं, आणि बंद केलं.