बुलेटच्या जादा लाइटी

बॅटरी चार्ज व्हायला आठ-दहा तास लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाईक जाणार कुठं? बाकड्यावर बसतं. बसलं की चहा येतो, चहा आला की तोंड सुटतं. म्हणून ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरीच्या तुकड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. तुकडे निदान झाडून टाकता येतात!

ही नव्वदनंतरची गोष्ट. गावोगाव एसटीडी बूथ आले होते, घरांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या, शंभर सीसीच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसत होत्या. आणि प्रत्येकाला आपल्या गाडीला पुढं दोन जादा लाइटी पाहिजे होत्या. कशाला, ते विचारायचं नाही!

आमचं दुकान म्हणजे वडवणीच्या बाजाररस्त्याला एक पत्र्याचं शेड. मालक गफूरचाचा. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, तिथंच राहिलो. आणि बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं, माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान.

आम्ही लिंगायत वाणी. तीन पिढ्या हातात तराजू. कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचं सोडून आपलं पोरगं दातानं वायरी सोलतंय, हे आप्पांना दिवसभर समोर दिसायचं. "वाण्याच्या पोराचे हात हायेत का हे?" एवढंच म्हणायचे. चार वर्षांत एकदाही रस्ता ओलांडून शेडात आले नाहीत. मला फार काही नको होतं हो. कुणी विचारलं तर माझा धंदा काय, ते आप्पांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, एवढीच इच्छा होती.

आता हा किस्सा ऐका म्हणजे कळेल, ती इच्छा किती अवघड होती ते.

लातूरकडचे कुणी पाहुणे आप्पांच्या दुकानात बसले होते. त्यांनी विचारलं, "धाकटे चिरंजीव काय करत्यात?"

आप्पा म्हणाले, "बीडला आस्तो. शिकतोय."

आणि नेमका त्याच वेळी मी ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन दुकानात शिरलो! पाहुणे माझ्याकडं बघून म्हणाले, "हे कोण?"

आप्पांची पापणीसुद्धा हलली नाही. "गिऱ्हाईक हाय. काय पायजे रे?"

मी म्हणालो, "पावशेर शेंगदाणे द्या, मालक."

तर आप्पांनी तोलून दिले! वर म्हणतात, "आनखी काय?"

*

जादा लाइटींचा नाद गावाला लावला तो देशमुख सरांनी. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मे महिन्याची सुट्टी लागली की जुनी बुलेट काढायची आणि नकाशात जिथं बोट पडेल तिथं जायचं. एकदा पुण्याहून दोन हॅलोजन घेऊन आले आणि म्हणाले, "शिवा, बसव. दोन फर्लांग उजेड पडला पायजे."

मी क्रॅशगार्डला पट्टी मारली, लाइटी बसवल्या, वायर ओढली, बटण लावलं. पहिलंच काम. सगळा बाजार बघायला गोळा झाला. सरांनी बटण दाबलं.

लाइट लागली. म्हणजे, आतली तार जरा लालसर झाली. जवळ जाऊन बघितलं तर दिसत होती!

गफूरचाचा वाकले, निरखून बघितलं, आणि म्हणाले, "शिवा, ये लाइट है के बिडी?"

झालं होतं काय, की सरांची बुलेट सहा व्होल्टची आणि दिवे बाराचे. मी बघितलंच नव्हतं. पुढं आठवडाभर सर बाजारातून निघाले की कुणीतरी तोंडात विडी धरून म्हणायचं, "सर, जरा इस्तू द्या की!"

मग आम्ही सहाचं बारा केलं. बॅटरी बदलली, चाचांनी कॉइल नव्यानं गुंडाळली. दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा उजेड थेट रस्ता ओलांडून आप्पांच्या दुकानात गेला. आप्पांनी दुकानाचं अर्धं फळकूट लावून घेतलं.

*

त्यानंतर जवळच्याच एका खेड्याचे सरपंच आले. नवी कोरी गाडी, हार अजून सुकला नव्हता. म्हणाले, "सरांपेक्षा भारी बसव."

बसवल्या. दुसऱ्या दिवशी सरपंच परत दारात. चेहरा कडक.

"हे काय करून ठिवलंस बे? हॉर्न दाबला की लाइटी लागत्यात!"

अर्थिंग कुठंतरी चुकलं होतं. म्हणालो, "चुकलं सरपंच. आत्ता खोलतो, अर्ध्या तासात नीट करतो."

"हात लावशील तर बघ!" सरपंच म्हणाले. "आरं, काल आठवडी बाजारात हॉर्न वाजिवला अन् फक्कन उजेड पडला. सगळी माणसं बाजूला सरून रामराम घालायली! वीस वर्सं राजकारण केलं, आसा रामराम कधी पडला न्हवता."

आठ दिवसांत तिघं जण आले. तिघांचं मागणं एकच: "सरपंचाला केली तसलीच चूक आमाला करून दे."

आणि खरं सांगू? दोन दिवस झटलो, पण ती चूक काही परत जमेना! ही वायर तिकडं लाव, ती इकडं लाव. सगळं आपलं बरोबरच चालायचं. चाचा बाकड्यावरून म्हणाले, "बेटा, गलती करना बी एक हुन्नर है. तेरेकू एकच बार आया."

*

सरांचं बटण सारखं तापायचं, एकदा तर वितळलंच. मग त्यांनी औरंगाबादहून रिले आणला. काड्यापेटीएवढी डबी. बटणातून नुसता इशारा जातो, दिव्यांचा खरा करंट या डबीतून. बटण दाबलं की डबी आतून 'टक्' करते.

चाचांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं डबी उचकटून ठेवली! वडवणीतला एकुलता एक रिले! मी डोक्यालाच हात लावला.

"इसके अंदर कुच बी नै रे," चाचा मला समजावत होते, "खाली आवाज भरेला है!"

मी बोटांची नखं मोडून ती डबी परत बंद केली. आणि चालली की राव! सरांनी बटण दाबलं, टक् आवाज आला, दोन्ही दिवे भक्कन लागले. चाचा शांतपणे म्हणाले, "हौ. मैंने साफ किया ना."

*

त्या मे महिन्यात सर श्रीशैलला निघाले. एवढा लांबचा रस्ता आणि पुढं जंगलातला घाट. माझी झोप उडाली, कारण आमच्याकडच्या उन्हात चिकटपट्टी टिकत नाही. डिंक पातळ होतो, पट्टी सुटते, वायरी लोंबतात आणि इंजिनला लागून जळतात. वायरी बांधायच्या कशानं?

लहानपणी आप्पांनी मला पुडा बांधायला शिकवलं होतं. साखरेचा पुडा, वर दोरा, दोऱ्याला आढी, आणि शेवटी अशी गाठ, की गिऱ्हाईक सायकलवरून पडलं तरी साखर सांडायची नाही. मी गुपचूप आप्पांच्या दुकानातलं दोऱ्याचं रीळ आणलं आणि बुलेटच्या सगळ्या वायरी बोट-बोटभर अंतरावर तशाच बांधून काढल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सर आप्पांकडं गूळ-शेंगदाणे घ्यायला थांबले. मी शेडातून बघतोय, तर सर आत, आणि आप्पा बाहेर, बुलेटजवळ उकिडवे बसलेले! मी बघतोय हे दिसताच उठले आणि धोतर झटकत आत गेले.

संध्याकाळी सरांनी गाडी शेडात आणली तेव्हा मी ती बारकाईनं तपासली. हँडलखालची एक गाठ माझी नव्हती. माझ्यापेक्षा घट्ट होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

सर श्रीशैलहून परत आले. एक वायर हलली नव्हती. वाटेत एका पेट्रोल पंपावर मोठ्या शहरातले मोटारसायकलवाले भेटले. कातडी जाकिटं, भारी गाड्या, आणि अर्ध्या लाइटी बंद! त्यांनी सरांच्या वायरी बघून विचारलं, हे बांधकाम कोणत्या कंपनीचं?

सर म्हणाले, "वडवणीचं किराणा दुकान."

हे मी उड्या मारत आप्पांना सांगायला गेलो. आप्पांनी वर न बघता विचारलं, "माजं रीळ कुठाय?"

*

आता शेवटचा.

माझ्यासाठी दोन स्थळं येऊन परत गेली होती. दोन्ही ठिकाणी कारण एकच, पोराचे हात. तिसरं स्थळ युसूफ वडगावचं. मन्मथअण्णांचं कापडाचं दुकान, घरंदाज माणसं. आप्पांनी मला समोर बसवून बजावलं, "त्यांनी इचारलं तर किराणा सांबाळतो म्हनायचं. लाइटीचं नाव काढायचं न्हाई. ह्यावेळी मोडलं तर मी परत कुठं जायाचा न्हाई."

मी दोन दिवस रॉकेल, लिंबू आणि धुण्याचा सोडा घेऊन हात घासत होतो. कातडी निघाली, काळं निघेना.

जायच्या दिवशी पहाटेची एसटी इतकी भरून आली, की दारातच माणसं लोंबत होती. आप्पा हातात नारळाची पिशवी घेऊन उभे. सरांनी बुलेट आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली. "आप्पा, बसा. दुसरा इलाज न्हाई."

जन्मात पहिल्यांदा आप्पा मोटारसायकलवर बसले. धोतर सावरून, दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून! मी हसलो नाही. हसलो असतो तर तिथंच उतरले असते.

तेलगाव ओलांडलं, धारूरचा घाट लागला, आणि धुकं असं उतरलं, की पुढचं चाक दिसेना. पहिल्या वळणावर एक एसटी थांबलेली, तिच्या मागं दोन ट्रक. ड्रायव्हर खाली उतरून उभा. म्हणाला, "पांढऱ्या लाइटीचा उजेड समदा तोंडावरच यायलाय. धुई उठोस्तर हलत न्हाई."

श्रीशैलच्या घाटासाठी मी दोन्ही लाइटींना पिवळ्या काचा घातल्या होत्या, वेगवेगळी बटणंही दिली होती. दोन्ही बटणं दाबली. उजेड धुक्याच्या खालून रस्त्याला चिकटून पुढं गेला. कडेचा कठडा दिसला, दगड दिसले. ड्रायव्हर बघतच राहिला. "भाऊ, तुमी फुडं व्हा. मी तुमच्या मागल्या दिव्यावर येतो."

निघालो. पुढं बुलेट, मागं एसटी, मागं दोन ट्रक. एका वळणावर आप्पांनी मान वळवून मागं बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "हळू घे, शिवा. मागं लई माणसं हायेत."

वर पोचलो. एसटीतली माणसं खिडक्यांतून हात हलवायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "मालक, लाइटी कुठं बसवल्या हो?"

मी वाट बघितली. आप्पा आता सांगतील. आता सांगतील. आप्पा म्हणाले, "चल. उशीर व्हायलाय."

माझं तोंडच उतरलं. लाइटी बंद केल्या आणि गाडी वडगावच्या रस्त्याला लावली.

मन्मथअण्णांच्या घरी शरणार्थ-नमस्कार झाले, गादीवर बसलो, पोहे आले. मुलगी पोह्याच्या ताटल्या ठेवून आतल्या दारात उभी राहिली. मी हात मांडीखाली दडवले. अण्णांनी घसा खाकरला आणि थेट मलाच विचारलं, "मग, आपण काय करता?"

आप्पांनी बजावल्याप्रमाणं मी सुरू केलं, "किराणा..."

"खोटं कावून बोलतोस बे, पाव्हण्यांसमोर?" आप्पा कडाडले!

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. आप्पांनी पोह्याची ताटली खाली ठेवली आणि उभे राहिले.

"चला अण्णा. भायेर चला."

"अहो, पोहे..."

"पोहे कुठं पळत न्हाईत. चला."

सगळं घर बाहेर आलं. गल्लीतली माणसं आली, बाया दारात आल्या, मुलगीही उंबऱ्यापर्यंत आली. आप्पांनी अण्णांचा दंड धरून त्यांना बरोबर बुलेटच्या समोर उभं केलं. "वाका जरा. हितं बघा." अण्णा बिचारे वाकले. आप्पांनी माझ्याकडं हात केला, मी किल्ली दिली. त्यांनी ती स्वतः फिरवली, स्वतः बटण शोधलं, आणि दाबलं.

भर अकरा वाजताच्या उजेडात अण्णांचं तोंड पिवळंधमक झालं. ते दोन्ही हात डोळ्यांवर धरून मागं सरकले.

"हे करतो माजा पोरगा!" आप्पा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले.

"कळलं, आप्पा, कळलं!" अण्णा हातांआडून ओरडले. "बंद करा!"

आप्पा दुसऱ्या बटणाकडं हात नेत म्हणाले, "थांबा की. आजून एक हाय."