छाटलेली मुळं

प्रोफेसर एलियास रुडमार्क यांचं नाव निघालं की अजून विद्यापीठात लोक आदराने टोपी काढतात. झाडांची घराणी त्यांनी लावून दिली. मी त्यांचा माळी मोर्टेन. एकवीस वर्षं त्यांची वाळवलेली झाडं खळ लावून कागदावर चिकटवली.

माणूस लोभस, पण हट्टी. खारवलेला मासा खातानाही वरच्या शेपूची फुलं मोजत बसायचे. ज्यांची फुलं सारखी ती झाडं भाऊबंद, आणि भाऊबंदांचे गुणही सारखे, असा त्यांचा सिद्धांत. मुळाला ते मातीच समजायचे. कागदात मावत नाही म्हणून मी मूळ छाटून टाकायचो.

तळ्याकाठची गुनिल्ला म्हातारी त्यांना झाडपाला आणून द्यायची. एकदा तिने दलदलीतलं एक झाड आणलं, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं.

"मूळ छाटू नको रे याचं," ती मला म्हणाली. "उभं चिरून बघ, आत कप्पे आहेत, तीच विषाची खूण. माझी गाय यानेच मेली."

प्रोफेसर हसले. "गुनिल्लाबाई, फूल बघा की! अस्सल गाजराच्या घराण्यातलं आहे."

"घराण्याचं काय सांगता? माझा थोरला दीर पाद्री, धाकटा अट्टल दारुडा. घराणं एकच!"

जमलेले विद्यार्थीही हसले. ती माझ्याकडे वळली. "मोर्टेन, तू तरी बोल."

मला ठाऊक होतं. आमच्याही गोठ्यातली दोन वासरं त्याच मुळाने गेली होती. पण साहेबांसमोर माळ्याने तोंड उघडायचं? मी कात्री चालवली.

साहेबांच्या ग्रंथात त्या झाडाबद्दल एक ओळ छापली गेली: याचं मूळही भाऊबंदांसारखं खाण्याजोगं असावं.

तिसऱ्या वर्षी त्यांचा लाडका विद्यार्थी निल्स झाडं गोळा करायला उत्तरेला गेला. शिधा संपला, तेव्हा गुरूच्या शब्दावर भरवसा ठेवून त्याने ते मूळ खाल्लं. संध्याकाळपर्यंतही जगला नाही. सोबत्यांनी ते झाड मुळासकट पाठवलं.

प्रोफेसरांनी स्वतः मूळ चिरलं. आत कप्पे होते. त्यानंतर त्यांनी लेखणी हातात धरली नाही. वर्षभरात खंगून गेले. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं.

"मोर्टेन, म्हातारी खरं बोलत होती, हे तुला तेव्हा माहीत होतं का रे?"

"नाही, साहेब."

"मग चूक माझ्या एकट्याचीच," ते म्हणाले, आणि माझा हात थोपटला.