चिमाबाई कोबेला जाऊन आल्या

आणे गावाच्या पठारावरच्या चिमाबाई आहेर पन्नाशी उलटेपर्यंत एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. माहेर पिंपळवंडीला, जवळच. पण तिथंही कुणीतरी सोडायला आणि कुणीतरी आणायला असायचंच. कुणी त्यांना जाऊ नको म्हणत होतं असं नाही. त्यांचे मालक गेणभाऊ होते तोवर ते पुढं आणि या मागं, असंच चालत आलं. ते गेल्यावर पोरांनी तेच चालू ठेवलं. दवाखाना असो की ओझरचा गणपती, गाडीवर मागं बसायचं आणि उतर म्हणाले की उतरायचं.

थोरला मुलगा कुंडलिक चाकणच्या एका कारखान्यात यंत्रं जोडायच्या कामावर होता. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी जपानला, ओसाकाला पाठवलं. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर त्यानं आईला महिनाभरासाठी बोलावून घेतलं. सून प्रतिभा आणि तान्ही नात समृद्धी तिथंच होत्या. घर लहान, पण नीटनेटकं. चिमाबाई नातीला न्हाऊ घालत, भाकऱ्या थापत आणि दुपारी खिडकीशी बसून खाली सायकलवरून जाणाऱ्या बाया बघत.

परत निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी कोबेला जायचं ठरलं होतं. कोबे म्हणजे जवळचंच मोठं बंदर. चिमाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. विमान त्यावरून आलं तेव्हा बाहेर नुसता अंधार होता. पण शनिवारी समृद्धीला ताप भरला आणि कुंडलिकला कंपनीतून बोलावणं आलं.

"आई, आता पुढच्या खेपेला," कुंडलिक म्हणाला.

"मी कशाला येते पुन्हा एवढ्या लांब?" चिमाबाई म्हणाल्या. "मी जाऊन येते एकटी."

कुंडलिकला आधी ती चेष्टाच वाटली. "आगं, तिथं कुणाशी बोलशील? भाषा येती का तुला?"

"बोलायला कुठं चाललेय? बघायला चाललेय."

प्रतिभा लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या की आईंना. एकच तर गाडी आहे. हितं बसायचं, सान्नोमियाला उतरायचं, तेच कोबेचं स्टेशन."

कुंडलिक रात्रभर कुरकुरला. सकाळी मात्र त्यानं स्वतः आईला गाडीत बसवून दिलं. पत्ता आणि फोन नंबर जपानीत लिहून चिठ्ठी हातात दिली, आणि सान्नोमिया हा शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. नऊवारी लुगडं, वरून लेकाचा स्वेटर आणि पायात सुनेचे बूट, अशा चिमाबाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. उतरावंसं वाटलं, पण दार बंद झालं होतं.

सान्नोमियाला उतरून त्यांनी एका पोलिसाला हातानं लाटा करून दाखवल्या. तो हसला आणि त्यानं सरळ रस्ता दाखवला. चालत चालत त्या धक्क्यावर पोचल्या. समोर लाल रंगाचा उंच मनोरा, पांढऱ्या बोटी, आणि त्यांच्यापलीकडं पाणीच पाणी. दुसरा काठ कुठं दिसतोय का म्हणून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

जवळच धक्क्याचा एक तुकडा मोडलेलाच ठेवला होता. फरशा उखडलेल्या, विजेचे खांब कलंडलेले, खाली पाणी. एवढ्या टापटिपीच्या गावात हे असं का ठेवलं, ते त्यांना कळेना. कठड्यापाशी त्यांच्याच वयाची एक जपानी बाई बसली होती. चिमाबाईंनी त्या खांबांकडं बोट करून मानेनंच विचारलं. त्या बाईनं दोन्ही हात जमिनीला समांतर धरून थरथर हलवले. मग हातांचं घर केलं आणि ते पाडून दाखवलं. शेवटी एक बोट वर केलं, छातीवर ठेवलं आणि मिटून घेतलं.

चिमाबाईंना उमगलं, इथंही भूकंप झाला होता आणि त्याची आठवण म्हणून हा तुकडा तसाच ठेवला होता. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आण्यातल्या घराघरातून भाकऱ्या टेंपोत भरून गेल्या होत्या. त्यांनी स्वतः रात्रभर चुलीपुढं बसून भाकऱ्या केल्या होत्या. टीव्हीवर ढिगारे पाहून त्यांना घास गेला नव्हता.

"लेकरू व्हतं का तुमचं?" त्यांनी विचारलं. ती बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. बराच वेळ दोघी आपापल्या भाषेत बोलत बसल्या. बाईनं थर्मासातला हिरवा चहा दिला. त्यात ना दूध ना साखर. चिमाबाईंनी तो कसाबसा संपवला. निघताना त्यांनी बाईच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना गाडी चुकली. त्या उलट्या दिशेच्या गाडीत बसल्या. स्टेशनं जात राहिली, सकाळी गाडीतून न दिसलेला समुद्र अगदी रुळांपाशी आला, आणि मग डोक्यावर एक प्रचंड पूल दिसला, समुद्रावरून पार पलीकडं गेलेला. त्या घाबरून तिथंच उतरल्या आणि स्टेशनातल्या माणसापुढं चिठ्ठी धरली. त्यानं फोन लावून दिला.

"आई, कुठं हायेस तू?" कुंडलिकचा आवाज चढलेला होता.

"चुकले मी. लई मोठ्या पुलाखाली हाये."

"जागची हलू नको. मी येतो."

चिमाबाईंनी वर पुलाकडं पाहिलं. "येऊ नको. हा भाऊ चांगला हाये, त्याला सांग मला गाडीत बसवून द्यायला. आन् जरा उशिरानं बसते. पूल बघू दे."

ओसाकाच्या फलाटावर कुंडलिक उभाच होता. रागवायचं त्यानं ठरवलं होतं. आई गाडीतून उतरली, इकडंतिकडं न बघता लोकांबरोबर जिन्याकडं चालायला लागली, आणि त्यालाच तिच्या मागं जावं लागलं. जिन्यावर गाठल्यावर तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का काही?"

गावी आल्यावर चिमाबाई एष्टीनं एकट्या फिरू लागल्या. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या भागूबाई आणि आणखी चौघीजणी समुद्र दाखव म्हणून त्यांच्या मागं लागल्या, तेव्हा त्या सगळ्यांना घेऊन हरिहरेश्वरला गेल्या. देवदर्शन झालं आणि बाया वाळूत घोळक्यानं उभ्या राहिल्या. पाण्यात शिरायचं धाडस कुणाला होईना.

"जपानातला समुद्र आसाच व्हता का?" भागूबाईंनी विचारलं.

"पाणी आसंच. पर तिथं वाळू नव्हती, सिमिटाचा काठ व्हता. पाय भिजवायचे राहिले," चिमाबाई म्हणाल्या, आणि लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्या.