चहातलं अंडं

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाण्याची बोंब जुनीच राहिली. स्टँडवरच्या टपरीवर मी चहा उकळायची वाट बघत होतो, तेवढ्यात एक म्हातारी अंडं घेऊन आली. बाकावर तिचा नवरा बसला होता, तापाने खंगलेला, अन्नाला तोंड न लावणारा.

"लेकरा, मऊ उकडून दे," ती टपरीवाल्याला म्हणाली.

"आजी, अंड्याला पाणी कुठून आणू?"

"चहाला हाय की!"

पदराने पुसून तिने अंडं थेट माझ्या उकळत्या चहात सोडलं! टपरीवाला ओरडला.

"चहा रंगला की अंडं झालं. तवर गप ऱ्हा."

चहा रंगल्यावर अंडं बाहेर काढून तिने त्याचं टोक फोडलं. आतला बलक मधासारखा हलला. म्हाताऱ्याने एक घास गिळून तोंड वाकडं केलं.

"मीठ न्हाई व्हय?"

"भांडाया लागलं!" म्हातारी साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली. "आता जगतंय म्हातारं!"

तो चहा मी थेंबही न सांडता प्यायलो.